मुख्याध्यापक आणि समुपदेशक: कोकणातल्या शाळांकडून नेहमी येणारे प्रश्न

हे पान रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलांसाठी आहे. प्रश्न मुख्याध्यापकांचे, संस्थाचालकांचे, वर्गशिक्षकांचे आणि काही पालकांचेही आहेत. उत्तरे देणारी व्यक्ती शाळाशाळांतून फिरून समुपदेशन करते. त्यामुळे एखादे उत्तर मुख्याध्यापकांना एकतर्फी वाटेल. वाटू दे.

आमच्या बोर्डाचा निकाल राज्यात पहिला लागतो. मग समुपदेशक हवा कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो रास्त आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून दहावीच्या निकालात ते राज्यात वरच आहे. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२ टक्के. फलक लावायला हरकत नाही.

पण शंभरातली नव्याण्णव मुले पास होत असतील, तर पास-नापास बघून शाळेला आपल्या मुलांबद्दल फारसे काही कळत नाही. बावन्न टक्के मिळवलेला मुलगा मित्रांच्या मागोमाग सायन्सला जातो. दिवाळीपर्यंत त्याचे कॉलेज सुटते आणि तो नालासोपाऱ्याला काकांच्या खोलीवर जाऊन मिळेल त्या कामाला लागतो. शाळेच्या लेखी तो उत्तीर्ण. पाचवी ते दहावी वर्गात स्वतःहून एकदाही न बोललेली मुलगीही उत्तीर्णच.

या मुलांची नोंद गुणपत्रिकेत होत नाही. ती कुणाच्या तरी नजरेला पडावी लागतात, आणि ज्याच्या सहीने शाळेत काही बदलू शकते त्याच्यापर्यंत ती गोष्ट पोहोचावी लागते. पहिले काम समुपदेशकाचे आणि दुसरे मुख्याध्यापकांचे. पुढची बहुतेक उत्तरे या दोघांमधला रस्ता वाहता कसा ठेवायचा याबद्दल आहेत.

कायद्याने समुपदेशक नेमावाच लागतो का?

सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने मुलांच्या आणि किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. पट त्याहून कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. कोकणात साठ-सत्तर पटाची हायस्कुले काही कमी नाहीत, त्यांना हा दुसरा भाग लागू पडतो.

शिवाय २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची समिती, असायला हवी. ती बहुतेक ठिकाणी आहे, निदान फाइलमध्ये तरी. समुपदेशक आल्यावर या समितीची बैठक खरोखर भरवता येते.

पगार कुठून द्यायचा? आमची संस्था मुंबईची आहे आणि मंडळाची बैठक वर्षातून दोनदा होते.

कोकणातली कितीतरी हायस्कुले मुंबईकर ग्रामस्थांच्या मंडळांनी उभी केली. खोली बांधायची म्हटली की ही मंडळी लगेच वर्गणी काढतात, माणसाच्या मानधनाचे नाव काढले की विषय पुढच्या बैठकीवर जातो. इमारतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, समुपदेशकावर लावता येत नाही, हे समजून घेऊन बोलायला हवे.

सोयीचा मार्ग असा: एकाच खाडीपट्ट्यातल्या किंवा एकाच एसटी मार्गावरच्या तीन-चार शाळांनी मिळून एक समुपदेशक ठेवावा. प्रत्येक शाळेला आठवड्यातला एक ठरलेला वार. वार ठरलेला असणे महत्त्वाचे, कारण मुले वाट बघतात. 'जमेल तसे येऊन जा' या तत्त्वावर येणाऱ्या समुपदेशकाजवळ कुणी मन मोकळे करत नाही.

दोघांनी कामाची वाटणी कशी करायची?

अमेरिकेत या विषयाचा बराच विचार झालेला आहे. तिथल्या शालेय समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक अशी आहे, आणि समुपदेशकाचा निदान ८० टक्के वेळ मुलांच्या कामात जावा असे ती सांगते. तो २५० चा आकडा आपल्याकडे आणायचा म्हटले तर हसू येईल. पण त्यांची एक पद्धत जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापक आणि समुपदेशक समोरासमोर बसून वर्षभरात काय करायचे, कुठल्या कामाला किती वेळ द्यायचा हे लिहून काढतात आणि दोघे सही करतात.

आपल्याकडे एका फुलस्केप कागदावर हे होते. समुपदेशकाचा वार, त्याची जागा, कुठल्या इयत्तांना वर्गात जाऊन सत्र घ्यायचे, कुठली कामे त्याला सांगायची नाहीत आणि दोघांची बैठक कधी. कागद केबिनमध्ये काचेखाली ठेवावा. मुख्याध्यापक बदलले की नव्या सरांना पहिल्या दिवशी तो दिसतो. नाहीतर दोन वर्षांत बसलेली घडी एका बदलीत मोडते.

ऑफ तास, पर्यवेक्षण, ऑनलाइन माहिती भरणे ही कामे समुपदेशकाला दिली तर चालतील?

नाही. मुख्याध्यापकांचे हाल दिसतात. यूडायसवर शाळेची आणि मुलांची माहिती, शालार्थवर पगाराची, पोषण आहाराची रोजची नोंद, वरून 'आज दुपारी दोनपर्यंत माहिती पाठवा' असा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आदेश. अशा वेळी संगणक येणारा मोकळा माणूस समोर दिसला की मोह होतोच. पण जो समुपदेशक आठवड्यातून एकदा येतो त्याचा तो दिवस माहिती भरण्यात गेला, तर त्या आठवड्यात शाळेत समुपदेशक नव्हता असेच धरा.

ऑफ तासाचे थोडे वेगळे. महिन्यातून एखादा ऑफ तास समुपदेशकाने मागून घ्यावा. सगळा वर्ग एकत्र कसा वागतो, कोण कुणाच्या शेजारी बसत नाही, हे खोलीत बसून कळत नाही.

शिक्षेसाठी मुलाला समुपदेशकाकडे पाठवावे का?

पाठवू नये. 'वर्गात बडबड करतोस? जा, मॅडमकडे जाऊन बस' असे दोनदा झाले की मॅडमची खोली म्हणजे शिक्षेची जागा, हे शाळेला पाठ होते. मग ज्याला खरेच बोलायचे आहे तो तिकडे फिरकत नाही. शिस्तीचा निर्णय मुख्याध्यापकांचा. निर्णय झाल्यावर, दोन दिवसांनी, समुपदेशकाने त्या मुलाशी बोलावे. छडीचा प्रश्नच नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद केले आहेत.

मूल समुपदेशकाला काय म्हणाले हे मुख्याध्यापकांना कळायला नको का? शाळेची जबाबदारी शेवटी माझीच.

जबाबदारी तुमचीच, सर. म्हणून तुम्हाला शाळेने काय करायला हवे ते कळेल. मुलाच्या घरात काय चालले आहे त्याची कथा कळणार नाही. समुपदेशक सांगेल: 'दहावी अ मधल्या अमुक मुलीला पुढचा महिनाभर पहिल्या बाकावर बसवा, आणि तिच्या घरी फोन करायचा झाला तर आधी मला विचारा.' कारण विचारू नका. विश्वासाने केलेली अशी दोन-तीन कामे पार पडली की दोघांचीही धास्ती जाते.

गावातल्या शाळेत याला जास्तच महत्त्व आहे. इथे लिपिक मुलाचा चुलता असतो, शिपाई त्याच्या वाडीतला, आणि पोषण आहाराच्या काकू आईच्या बचतगटात. केबिनमध्ये मोठ्याने उच्चारलेले वाक्य संध्याकाळच्या एसटीने वाडीवर पोहोचते.

तीन गोष्टींत मात्र गुप्तता राहत नाही, आणि हे समुपदेशकाने मुलाला पहिल्याच भेटीत सांगायचे असते. मूल स्वतःला इजा करण्याच्या विचारात असेल, दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, किंवा मुलावर अत्याचार होत असेल, तर मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवायचे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आधी संस्थेला विचारतो', 'गावची बदनामी होईल', 'मुलीचे लग्न व्हायचे आहे' यातले काहीही या कायद्यापुढे टिकत नाही. परवानगीसाठी थांबायचे नाही आणि शाळेने स्वतः चौकशी समिती नेमून मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आणि १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक फलकावर लिहून ठेवा, मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेरसुद्धा.

आठवड्याची बैठक घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे?

समुपदेशकाच्या वारी, परिपाठ संपल्यावर, वीस मिनिटे. टेबलावर आठवी ते दहावीचे हजेरीचे कॅटलॉग उघडे. दार लोटलेले, फोन बाहेर. चहा नंतर.

आधी गुण बघायचे नाहीत, गैरहजेरी बघायची. एक नमुना घेऊ. नववी ब मधला एक मुलगा गेल्या आठवड्यात मंगळवारी आणि शुक्रवारी नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यातही तेच दोन वार. वर्गशिक्षकांची नोंद: 'ताप'. ताप काही वार बघून येत नाही. मंगळवारी तालुक्याचा आठवडा बाजार, शुक्रवारी शेजारच्या गावचा. समुपदेशक मुलाशी बोलतो तेव्हा उलगडते की आई या दोन दिवशी पहाटेच पाटी घेऊन मासे विकायला जाते. वडील बोटीवर. घरी साडेतीन वर्षांचा भाऊ, त्याला बघायला दुसरे कुणी नाही.

इथपर्यंत समुपदेशकाचे काम झाले. पुढे त्याच्या हातात काही नाही, कारण ही अडचण बोलून सुटणारी नाही. मुख्याध्यापक अंगणवाडीताईंना फोन करतात, सरपंचांच्या कानावर घालतात, धाकट्याचे नाव अंगणवाडीत घालून घेतात, आणि त्या दोन दिवशी या मुलाने भावाला सोडून पहिल्या तासाला उशिरा आले तरी चालेल असे वर्गशिक्षकांना सांगतात. पुढच्या बैठकीत कॅटलॉगमधली तीच ओळ पुन्हा बघायची.

एका बैठकीत चार मुलांच्या वर नावे घेऊ नयेत. पंधरा नावे घेतली की एकाचेही काही होत नाही. आणि मागच्या वेळच्या चौघांचे काय झाले याने सुरुवात करायची. बहुतेक शाळांत हीच पायरी गळते.

आमच्याकडे गैरहजेरी म्हणजे गणपती, शिमगा आणि आंबा. त्याला समुपदेशक काय करणार?

सणाला काहीच करायचे नाही. शिमग्यात पालखी घरी यायची असताना मूल शाळेत बसणार नाही, आणि ज्याला नमनात किंवा दशावतारात उभे राहायला मिळते त्याचा चेहरा तिथे बघावा. वर्गात मान वर न करणारी मुले तिथे शंभर माणसांपुढे बोलतात. हे समुपदेशकाने बघून ठेवावे आणि मुख्याध्यापकांना सांगावे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे निवेदन त्याच मुलाला द्या.

कामाची गैरहजेरी निराळी. मासेमारीची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै. बोटी ऑगस्टमध्ये बाहेर पडल्या की बंदरालगतच्या शाळांत नववी-दहावीची काही मुले विरळ होऊ लागतात. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला हात लागतात, तेव्हाच नेमक्या वार्षिक परीक्षा. रायगडात कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर निघतात. बागांच्या राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुले मधल्याच एखाद्या महिन्यात दाखल होतात आणि तशीच निघून जातात.

या सगळ्याचे वेळापत्रक आधीच माहीत असते, म्हणून तयारीही आधी करता येते. स्थलांतराआधी समुपदेशकाने कुटुंबाशी बोलायचे, आणि मुख्याध्यापकांनी शिक्षण हमी कार्ड मुलाच्या हातात द्यायचे म्हणजे तिथल्या शाळेत बसवून घेतील. बोटीवर जाणाऱ्या मुलाला 'शिक नाहीतर बोटीवरच मरशील' असे ऐकवू नये. त्याचा बाप बोटीवर आहे. त्याला सांगावे की रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे आणि तिथे पोहोचायला बारावी विज्ञान लागते.

वडील मुंबईला, मूल आजीकडे. पालक सभेला बोलवायचे कुणाला?

आजीला. आणि तिला बाकावर मागे बसवून ठेवायचे नाही, पुढे खुर्ची द्यायची. चाकरमानी बाप गणपतीत पाच-सात दिवस गावात असतो. तेव्हा शाळेला सुट्टी असते हे खरे, पण वर्षातली ही एकच वेळ असते जेव्हा घरातली सगळी मोठी माणसे एका ठिकाणी सापडतात. काही मुख्याध्यापक गौरी विसर्जनानंतर एक सकाळ शाळा उघडून बसतात, समुपदेशकालाही बोलावतात. त्या दोन तासांत जेवढे पालक भेटतात तेवढे वर्षभराच्या सभांना येत नाहीत.

समुपदेशकाचे नाव काढले की पालक उखडतात. 'माझो झील काय येडो आसा?' असे तोंडावर विचारतात.

विचारणारच. रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे, आणि 'रत्नागिरीला पाठवा' ही आपल्याकडची जुनी थट्टा. त्यामुळे पहिला निरोप मुख्याध्यापकांकडून जावा, आणि त्यात 'समस्या' हा शब्द नसावा. 'अभ्यासाबद्दल बोलायला मॅडम सगळ्या मुलांना भेटतात, तुमच्या मुलालाही भेटल्या' एवढे पुरते. हे खरेही असायला हवे, म्हणून समुपदेशकाने दरवर्षी आठवीतल्या प्रत्येक मुलाला एकदा तरी, दहा मिनिटे का होईना, भेटावे. सगळेच जातात म्हटल्यावर कुणाच्या जाण्याकडे कुणी बघत नाही.

डॉक्टरांची गरज असेल तर तसे स्पष्ट सांगावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असते, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येतेच. पथक येणार त्या दिवशी समुपदेशकालाही हजर ठेवा.

दहावीनंतरच्या मार्गदर्शनासाठी एक व्याख्यान ठेवले तर पुरे ना?

व्याख्यान ठेवा, हार-नारळही द्या, पण त्याने मुलाचे काही ठरत नाही. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. आधी गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात अर्ज नेऊन दिला की काम होत असे. आता पसंतीक्रम भरावा लागतो, आणि तो बऱ्याचदा सायबर कॅफेवाला त्याच्या अंदाजाने भरतो.

इथे दोघांनी मिळून केलेले काम डोळ्यांना दिसते. नववीच्या दुसऱ्या सत्रात समुपदेशकाने प्रत्येक मुलाला काय आवडते, काय जमते आणि घरून कुठपर्यंत पाठवतील, हे तीन प्रश्न विचारून ठेवावेत. तिसरा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण निर्णय त्यावरच होतो. मुख्याध्यापकांनी निकालानंतरचे तीन दिवस संगणक कक्ष उघडा ठेवून एक शिक्षक बसवावा. आयटीआय, रत्नागिरी आणि मालवणचे शासकीय तंत्रनिकेतन, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे अभ्यासक्रम यांची माहिती भिंतीवर लावलेली असावी, एसटीच्या वेळांसकट. मुलींना पास मोफत आहे, पण परतीची गाडी साडेचारलाच सुटत असेल तर त्या पासाचा उपयोग काय? आगार व्यवस्थापकांना पत्र लिहायचे काम मुख्याध्यापकांचे. चार शाळांनी एकत्र लिहिले तर गाडीची वेळ बदलते.

हुशार वाटतो, तोंडी सगळे सांगतो, पण लिहिताना सगळे चुकते. हा आळस की आणखी काही?

अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो आणि प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. दहावीच्या जानेवारीत जाग येऊन उपयोग नाही. समुपदेशकाने आठवीतच वह्या बघाव्यात, मुख्याध्यापकांनी नववीत कागद हलवावेत.

पूर, वादळ यानंतर काय करावे?

३ जून २०२० चे निसर्ग वादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर, त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर कोसळलेली दरड. तेव्हा पहिली-दुसरीत असलेली मुले आता हायस्कुलात आहेत. सलग दोन रात्री पाऊस कोसळला की काहींना वर्गात बसवत नाही, पोटात दुखते, घरी फोन करायचा असतो. अशा वाड्यांवरच्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडे असतेच, ती जुलैच्या आत समुपदेशकाला द्यावी. फोन करू द्यावा. आणि भाषेच्या शिक्षकांना एक विनंती: 'मी अनुभवलेला पूर' हा निबंध त्या वर्गाला घालू नका. ज्याला लिहायचे असेल तो न सांगता लिहितो.

समुपदेशकाला खोली कुठली द्यावी?

स्टाफरूममधून दिसणार नाही अशी. ग्रंथालयाचा कोपरा चालतो, प्रयोगशाळेची मागची खोली चालते. केबिनशेजारची नको.

दोघांचे पटतच नसेल तर?

होते असे. पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या सरांना काल आलेली पंचविशीतली मुलगी सांगते की तुमच्या अमुक शिक्षकाच्या तासाला मुले घाबरतात, तेव्हा सरांना ते झोंबते. समुपदेशकाने हे स्टाफ मीटिंगमध्ये कधीच बोलू नये, एकट्यात बोलावे, आणि शिक्षकावर शेरा न मारता मुलांत काय दिसले तेवढेच सांगावे. मुख्याध्यापकांनीही स्टाफसमोर समुपदेशकाची फिरकी घेऊ नये. दहा वाजता स्टाफरूममध्ये झालेला विनोद मधल्या सुट्टीत दहावीच्या वर्गात पोहोचलेला असतो.

उपयोग होतोय की नाही हे संस्थेला कसे दाखवायचे?

किती मुलांना भेटलो हा आकडा देऊ नका, तो फुगवायला सोपा असतो. महिन्याला चार दिवसांपेक्षा जास्त गैरहजर मुले जुलैत किती होती आणि जानेवारीत किती, हे सांगा. गेल्या वर्षी दहावी झालेल्यांपैकी आज किती शिकत आहेत, हे सांगा. त्यासाठी डिसेंबरमध्ये एक दिवस बसून माजी विद्यार्थ्यांना फोन करावे लागतात. वर्गशिक्षकांना ते नंबर पाठ असतात. हा दुसरा आकडा पहिल्या वर्षी वाईटच येईल. तरी तो मुंबईच्या बैठकीत वाचून दाखवा. मंडळातले बरेच जण स्वतः दहावीनंतर गाव सोडून गेलेले असतात, त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सुरुवात कधी करावी?

जूनमध्ये नको. प्रवेश, पुस्तकवाटप, गळणारे छप्पर यांत मुख्याध्यापकांना मान वर करायला फुरसत नसते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फुलस्केपचा तो कागद लिहा आणि गणपतीच्या सुट्टीआधी निदान चार बैठका होऊ द्या.